पोलीस काकू, माझी आई

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



समितीनं मला आईबद्दल दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. सचिव काकांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय तेही मला दिसतंय. काका, मी पोलिसाची मुलगी असले तरी पेशानं शिक्षिका आहे, त्यामुळे दहा मिनिटांचं वचन देत नाही.

कार्यक्रमपत्रिकेत आईच्या नावाआधी 'कै.' छापलंय आणि नावाखाली 'सेवानिवृत्त सहायक पोलीस उपनिरीक्षक'. ते वाचताना क्षणभर वाटलं, ह्या कोण बाई? कारण इथं तिला त्या हुद्द्यानं कुणीच ओळखलं नाही. मोठ्यांची ती पोलीस काकू, लहानांची पोलीस आजी. पोस्टमनसुद्धा पेन्शनच्या कागदावरचं नाव बघून खाली विचारायचा, "ह्या कोण?" आणि वॉचमन सांगायचा, "पोलीस काकू, ए-विंग, पहिला मजला." म्हणून मीही आज तिचं नाव घेत नाही. तुमच्या तोंडात जे बसलंय तेच बरं.

आई दौंड तालुक्यातली, भीमेकाठच्या एका लहान गावातली. घरात पाच भावंडं, दोन एकर जमीन. दहावी झाली तेव्हा गावात तेवढं शिकलेल्या मुली बोटावर मोजण्याइतक्या होत्या. १९७९ साली पोलीस भरतीची जाहिरात तिच्या चुलतभावानं वर्तमानपत्रात वाचली आणि गंमत म्हणून तिला दाखवली. ही गंमतीगंमतीत अर्ज करून बसली. उंचीत बसली, धावण्यात बसली, आणि निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. "खाकीतली पोरगी कोण करून घेणार?" हा त्यांचा प्रश्न. त्याचं उत्तर दोन वर्षांनी शिरूर डेपोच्या एका एसटी ड्रायव्हरनं दिलं. तो पण खाकीतलाच होता, त्याला काही वावगं वाटलं नाही. ते माझे वडील.

आता दोघंही खाकीत म्हणजे काय होतं, ते ज्यांच्या घरी आहे त्यांनाच कळेल. सणासुदीला लोक गावाला जातात म्हणून एसटीला जादा गाड्या, आणि लोक गर्दी करतात म्हणून पोलिसांना बंदोबस्त. आमच्याकडे दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला आई-वडील दोघंही हजर आहेत असं मला एकदाच आठवतं. मी आणि माझा भाऊ पोलीस लाइनीत वाढलो. लाइन म्हणजे दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, नळ सामाईक. एकीची आई ड्युटीला गेली की शेजारची वाढायची. आजकाल 'सामूहिक जीवन' वगैरे शब्द वापरतात, तेव्हा त्याला शब्द नव्हता. डबा शेजारी ठेवला की झालं.

आई भरती झाली तेव्हा पोलिसांत बायका फार थोड्या होत्या. १९९४ साली राज्याचं महिला धोरण आलं, सरकारी नोकऱ्यांत तीस टक्के आरक्षण आलं, त्यानंतर मग मुली दिसायला लागल्या. त्याआधी एखाद्या ठाण्याला एक महिला शिपाई असली तरी पुष्कळ. आणि एकच असली की काय होतं? बाईची झडती घ्यायची, बोलवा तिला. कारण बाईची झडती बाईनंच घ्यायची, हा कायदा जुना आहे. महिला आरोपीला कोर्टात न्यायचंय, बोलवा. विहिरीत बाईचं प्रेत सापडलंय, बोलवा. रात्री दोनला, पहाटे चारला. साप्ताहिक सुट्टी कागदावर. मी तान्ही असताना बाळंतपणाची रजा संपली आणि ती हजर झाली, तेव्हा मला शेजारच्या काकूंकडे ठेवून ती ड्युटीवर जायची आणि दुपारी पाजायला सायकलवर धावत यायची. एकदा गणवेशाच्या साडीचा पदर चाकात अडकून पडली. गुडघ्यावरचा तो व्रण मी शेवटपर्यंत पाहिला. तिचं म्हणणं, "शर्ट-पँट आली तेव्हा मला साक्षात देव भेटला." देवापेक्षा पँटचं कौतुक तिला जास्त होतं.

देवावरून आठवलं. आपलं गाव महागणपतीचं, अष्टविनायकातलं. संकष्टी असो, अंगारकी असो, माघातला गणेशजन्म असो की भाद्रपदातली यात्रा असो, रांगेला पोलीस लागतातच. आईनं तिथं किती बंदोबस्त केले त्याची मोजदाद नाही. निवृत्तीनंतर ती एकदा म्हणाली, "तीस वर्षं देवळात उभी राहिले, पण रांगेकडं तोंड करून. देवाकडं कायम पाठ." २०१६ ला निवृत्त झाल्यावर पहिली अंगारकी आली तेव्हा ती दर्शनाच्या रांगेत उभी राहिली. तिथला एक तरुण हवालदार तिच्या हाताखाली शिकलेला. तो धावत आला, "मॅडम, इकडून या, थेट सोडतो." तिनं त्याला रांगेतूनच झापलं. दोन-अडीच तास उभी होती, गुडघे दुखत होते. गाभाऱ्यात पोचल्यावर किती वेळ मिळाला म्हणाल तर चार सेकंद, कारण मागून तोच हवालदार "चला, चला, पुढं चला" करत होता. घरी येऊन ती हे हसत हसत सांगत होती. "त्याचं बरोबर होतं," म्हणाली.

वडील १९९५ ला गेले. हृदयविकाराचा झटका, रात्रीची गाडी लावून डेपोतच. मी बारा वर्षांची, भाऊ नऊचा. आई सदतीस. चौदाव्या दिवशी ती ड्युटीवर हजर झाली. नातेवाइकांनी त्यावरून बरंच तोंडसुख घेतलं. मला खरं सांगू का, मलाही तेव्हा तिचा राग आला होता. आणि तो राग बरीच वर्षं राहिला. बाकीच्या आया शाळेत यायच्या, गॅदरिंगला पहिल्या रांगेत बसायच्या. माझी आई यायची ती मागच्या दारातून, टोपी काखेत, पाच मिनिटं, आणि जायची. पोरं म्हणायची, "पोलीस आली, पोलीस आली." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला, मार्च १९९९ ला, पहिल्या पेपरच्या सकाळी तिनं मला दही-साखर दिली आणि गणवेश चढवला. म्हटलं, आज तरी केंद्रापर्यंत चल. म्हणाली, "अगं, माझी ड्युटी परीक्षा केंद्रावरच आहे." मी खूश. मग कळलं, दुसऱ्या गावच्या केंद्रावर. कॉपी होऊ नये म्हणून बंदोबस्त. दुसऱ्यांच्या पोरांच्या परीक्षेला ती पूर्ण तीन तास उभी होती आणि मी इकडं एसटीनं एकटी गेले. हे मी तिला पुढं पंधरा-वीस वर्षं ऐकवलं. ती कधी उलट बोलली नाही. एकदाच म्हणाली, "तिथं पण एक पोरगी रडत होती. तिची आई नव्हती. तिला पाणी दिलं."

त्याच वर्षी तिनं इथं फ्लॅट बुक केला. आता तुम्ही म्हणाल त्यात काय. पण १९९९ सालचं रांजणगाव डोळ्यांसमोर आणा. एमआयडीसी नुकती नुकती आकाराला येत होती, कारेगाव-ढोकसांगवीच्या बाजूला निम्मी माळरानं होती, पुणे-नगर रस्ता एवढा मोठा नव्हता. 'पंचतारांकित औद्योगिक वसाहत' असं सरकारी कागदावर होतं. आई म्हणायची, "पंचतारांकित, आणि पाणी टँकरचं." नातेवाईक हसले. शिरूर सोडून रांजणगावात फ्लॅट? तोही कर्ज काढून? पण लाइनीतलं घर निवृत्तीनंतर सोडावं लागतं, हे तिनं आजूबाजूच्या घरांतून पाहिलं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी सामान टेंपोत घालून कुठं जायचं, या प्रश्नाचं उत्तर तिनं एक्केचाळिसाव्या वर्षी काढून ठेवलं. २००० मध्ये ताबा मिळाला. त्याच वर्षी आपली संस्था नोंदली गेली, आणि संस्थापक सभासदांच्या यादीत तिची सही आहे. मराठीत, पूर्ण नावाची, ठाण्याच्या रजिस्टरात करायची तशीच.

आता मी ज्या गोष्टीवर येते, ती सांगावी की नाही याचा बराच विचार केला.

तुमच्यातल्या जुन्या लोकांना २००८ सालची हिवाळ्यातली ती रात्र आठवत असेल. बी-विंगमधून एका घरातून आवाज यायचे. पहिल्यांदाच नव्हे. आपल्याला सगळ्यांना माहीत होतं. समितीच्या बैठकीत विषय निघाला होता आणि 'हा त्यांचा घरगुती प्रश्न आहे' म्हणून सोडून दिला होता. मी कुणाला दोष देत नाही, त्या बैठकीत मीही प्रेक्षक म्हणून बसले होते आणि गप्प होते. त्या रात्री आई घरी होती, साप्ताहिक सुट्टी, जी तिला खरोखर मिळालेली. अंगात गाऊन, खांद्यावर टॉवेल. ती उठली, चपला घातल्या आणि बी-विंगला गेली. मी मागे मागे. तिनं दार वाजवलं. तो बाहेर आला, "काकू, घरचा मामला आहे, तुम्ही झोपा." आई म्हणाली, "आवाज माझ्या घरात येतोय. म्हणजे माझ्या घरचा पण आहे." आणि त्याच्या हाताखालून आत गेली.

ती वहिनी आणि तिची दोन लेकरं अकरा दिवस आमच्या हॉलमध्ये झोपली. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तेव्हा नवा होता, २००५ चा कायदा आणि २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू. ठाण्यातल्या पुष्कळांना त्यातलं 'संरक्षण अधिकारी' हे प्रकरण काय आहे ते माहीत नव्हतं. आईनं त्याचं पुस्तक आणून रात्री चष्मा लावून वाचलं. तिला घेऊन गेली, अर्ज लिहून घेतला, कोर्टात तारखांना सोबत गेली. स्वतःच्या रजा टाकून. त्या वहिनी आज इथं राहत नाहीत, दुसऱ्या गावी आहेत, स्वतःच्या पायावर आहेत, मोठा मुलगा आयटीआय करून कामाला लागलाय. हे भाषण करण्याआधी मी त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "नाव नको घेऊ. बाकी सगळं सांग."

त्यावेळी मला आईचा अभिमान वाटला, पण आश्चर्यही वाटलं. कारण आई तशी भांडखोर नव्हती. ठाण्यात ती कडक होती, पण घरात कुणाच्या मध्ये पडणारी नव्हती. नात्यातल्या भांडणात ती उठून स्वयंपाकघरात जायची. मग इथंच ती का गेली?

ते मला २०२२ च्या जानेवारीत कळलं. तेव्हा राज्याच्या पोलीस महासंचालकांचा आदेश आला होता, महिला पोलिसांची ड्युटी बारा तासांऐवजी आठ तासांची करण्याचा. बातमी तिनं पेपरात वाचली. दोनदा वाचली. कात्रीनं कापून ठेवली. म्हटलं, "खूश ना आई?" म्हणाली, "बरं झालं पोरींचं." आणि मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "त्या दिवशी माझे चौदा तास झाले होते." मला वाटलं कुठल्या तरी बंदोबस्ताचं सांगतेय.

ती १९८७ सालची गोष्ट होती. ठाण्याचं नाव ती बोलली, मी घेणार नाही. संध्याकाळची वेळ, एक बाई आली. विशीतली, कडेवर मूल. नवऱ्यानं मारलं होतं. ४९८-अ कायद्यात येऊन चार वर्षं झाली होती, पण फिर्याद घ्यायच्या आधी बायकांना समजावून घरी पाठवायची सवय सगळीकडे होती. अंमलदारानं आईला सांगितलं, "बाई, तुम्ही बोला तिच्याशी. एनसी करून टाका." आई पहाटेपासून उभी होती. घरी मी चार वर्षांची, तापानं फणफणलेली, आणि भाऊ तान्हा. तिला फक्त घरी यायचं होतं. तिनं त्या बाईला पाणी दिलं, तिच्या शेजारी बसली आणि सांगितलं, "लेकरू लहान आहे, जा घरी, सांभाळून घे. उद्या सासूला घेऊन ये, मी समजावते." ती बाई गेली. आई घरी आली. माझ्या कपाळावर रात्रभर पट्ट्या ठेवल्या.

चौथ्या दिवशी विहिरीवर प्रेताचा पंचनामा होता. बाईचं प्रेत, म्हणून आईला बोलावलं. तिनं साडीच्या काठावरून ओळखलं.

"माझ्या हातानं परत पाठवली गं," एवढंच म्हणाली. रडली नाही. पस्तीस वर्षं तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. वडिलांनाही नाही. पुढं चौकशी झाली, नवऱ्यावर गुन्हा दाखल झाला, आईनं जबाबात खरं ते सांगितलं, आपण परत पाठवल्याचंसुद्धा. त्याबद्दल तिला ठपका बसला. पगारवाढ रोखली गेली वर्षभर. मला लहानपणी आठवतं, एका दिवाळीला कपडे घेतले नव्हते. त्याचं कारण मला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळलं.

आणि माझ्या मनात काय आलं ते सांगते, कारण आज लपवण्यात अर्थ नाही. मला वाटलं, मी जिच्यावर इतकी वर्षं रागावले, की ती माझ्याजवळ नसायची, ती एकदा माझ्याजवळ येण्याची घाई करून बसली, आणि त्याची किंमत कुणी दिली? या हिशेबाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. आईलाही कळलं नव्हतं. तिनं फक्त एवढं केलं, की त्यानंतर नोकरीत असेपर्यंत तिच्यासमोर आलेली एकही बाई तिनं तोंडी समजावून परत पाठवली नाही. आधी लिहून घ्यायची. मग पाणी. ठाण्यात तिचं नावच पडलं होतं, 'लिहा बाई'.

सॉरी. थोडं पाणी घेते.

बरं, निवृत्तीनंतरच्या गोष्टी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. अभिहस्तांतरणाची फाइल. कायद्यानं सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरनं जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून द्यायची असते. आपल्याला सोळा वर्षं झाली तरी मिळाली नव्हती. बिल्डरचं ऑफिस तीनदा बदललं. आईनं निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात सचिव काकांकडून ती फाइल मागून घेतली. मोफा कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची सोय आहे, म्हणजे बिल्डर आला नाही तरी उपनिबंधकांकडे अर्ज करून जमीन नावावर करून घेता येते, हे तिनं शोधून काढलं. सातबारा, मंजूर नकाशा, बत्तीस सभासदांचे इंडेक्स टू. आता बत्तीस जणांकडून एक कागद गोळा करणं म्हणजे काय ते समितीवर काम केलेल्यांना विचारा. ती दारोदार जायची आणि म्हणायची, "समन्स घेऊन आलेय." २०१९ मध्ये आदेश झाला. तेव्हा पेढे वाटले, ते तुमच्या लक्षात असेल. तिनं मात्र साखर असल्यामुळे अर्धाच खाल्ला आणि उरलेला अर्धा कुणाचं लक्ष नाही बघून खाल्ला.

आणि डायरी. पाण्याची मोटार वॉचमन विसरतो, टाकी वाहून जाते, म्हणून २०१६ च्या उन्हाळ्यात तिनं ते काम अंगावर घेतलं. मोटार चालू-बंद करायची एवढंच काम, पण तिला स्टेशन डायरीशिवाय काही सुचायचं नाही. लांब वही आणली, रेघा मारल्या. त्यातल्या काही नोंदी वाचते, सभेची परवानगी असेल तर.

"०५.४० वा. मोटार चालू. ०६.२५ वा. टाकी भरली. मोटार बंद."

"०७.१० वा. ए-विंग दुसरा मजला येथे नळ वाहता ठेवलेला आढळला. संबंधितांस समज दिली." संबंधित समोर बसलेत, हसतायत.

"११.०० वा. एक इसम वॉटर फिल्टर विकण्यास आला. ओळखपत्र नाही. परत पाठविले."

"१७.३० वा. मुलांचा क्रिकेटचा चेंडू बी-विंग तळमजल्याच्या काचेस लागला. काच फुटली. मुले फरार. १९.०० वा. मुले स्वतः हजर झाली. भरपाई वर्गणी काढून देण्याचे ठरले. माझे २० रु."

हसताय, पण २०१९ च्या उन्हाळ्यात टँकर किती आले आणि प्रत्येक विंगला किती पाणी गेलं, याची भांडणं या वहीमुळेच मिटली. लॉकडाऊनमध्ये कोण कुठल्या गावाहून आलं, कुणाच्या घरी औषध न्यायचंय, सगळं त्यात आहे. कंपनीतून काम गेलेल्या दोन घरांचा मेंटेनन्स थकला, वसुली दाखल्यासाठी अर्ज करायचा विषय निघाला, तेव्हाची एक नोंद मात्र मी वाचणार नाही. ती ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

शेवटचं सांगते आणि बसते. काका, घड्याळ बघू नका.

गेटच्या आतली मोकळी जागा, जिथं आता पिवळे पट्टे मारलेत, तिथं गाडी लावू नका म्हणून ती किती जणांशी भांडली ते सगळ्यांना माहीत आहे. "अग्निशमनची गाडी कुठून येणार, अँब्युलन्स कुठून येणार?" प्रत्येक वार्षिक सभेत तिचा तोच विषय. लोक कंटाळायचे. मीही.

नोव्हेंबर २०२३. मी तेव्हा वाघोलीला राहायचे. शाळा, मग रस्त्यावरचं ट्रॅफिक, रात्री दहाच्या सुमाराला इथं पोचले. जागा नव्हती. मी गाडी गेटच्या आत, तिथंच लावली. आई म्हणाली, "काढ ती." म्हटलं, "आई, सकाळी काढते, दमलेय गं." ती काही बोलली नाही. मला जेवायला वाढलं.

पहाटे चारला तिला दम लागला. १०८ ला फोन केला. अँब्युलन्स लवकर आली, गेटपर्यंत आली, आणि थांबली. माझ्या गाडीमुळे. मी किल्ली शोधतेय, हात थरथरतायत, किल्ली फ्रिजवर होती, मी पर्समध्ये शोधतेय. तोपर्यंत बी-विंगच्या पोरांनी, म्हणजे त्या काच फोडणाऱ्यांनी, आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून गेटबाहेर नेलं. पाच-सात मिनिटं गेली असतील. दवाखान्यात पोचलो तेव्हा ती शुद्धीत होती, दुपारी गेली. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, त्या मिनिटांनी काही फरक पडला नसता. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले का, हे मी त्यांना विचारलं नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटत होतं की ती गाडी कुणा पाहुण्याची होती. पट्टे मारायचा ठराव आला तेव्हाही सभेत 'एका बाहेरच्या वाहनामुळे' असंच लिहिलं गेलं, आणि मी दुरुस्ती सुचवली नाही. आज सुचवते. इतिवृत्तात ते बदलून घ्यावं, अशी माझी समितीला विनंती आहे.

तेराव्यानंतर मोटारीच्या खोलीतून तिची वही आणायला गेले. शेवटच्या पानावर त्या दिवशीच्या नोंदी आहेत. मोटार चालू, मोटार बंद. आणि सगळ्यात खाली:

"२२.१० वा. मुलगी आली. गाडी गेटच्या आत लावली आहे. दमली आहे. सकाळी काढण्यास सांगणे."

ती वही मी आज सोसायटीच्या ऑफिसात जमा करतेय. नंतरची पानं कोरी आहेत. मोटार सध्या मी लावते, पाच चाळीसला, पण लिहायचं राहून जातं.